रांगेत सगळ्यात शेवटी

लुआंग्वा नदीकाठच्या जंगलात पाहुण्यांना पायी फिरवायचं तर रांग ठरलेली. पुढे बंदूकवाला मुलेंगा, त्याच्यामागे गाइड म्हणजे मी, मग पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी चहाची टोपली घेतलेले योताम आगोगो. आगोगो म्हणजे आजोबा. त्यांचे खरे नातू सात, पण म्हणतो सगळा कॅम्प. एकतीस वर्षं ते शेवटीच चालले. सिंह असो, बिबळ्या असो, आधी मुलेंगाला दिसणार, मग मला, मग पाहुण्यांना. आगोगोंच्या वाट्याला पाहुण्यांच्या घामेजलेल्या पाठी.

तरी परत आल्यावर ते हमखास सांगायचे, "आजपण आली होती."

ती म्हणजे एक हत्तीण. रांग पुढे गेली की ती झाडीतून वाटेवर येते, आमच्या पावलांचे ठसे हुंगते, त्यांवर धूळ फुंकते आणि जाते. त्यात आगोगोंचं आडनाव न्जोव्हू, म्हणजेही हत्तीच. मुलेंगाच्या हाती आयतं कोलीत.

"आगोगो, आत्या असेल तुमची. एखादं कणीस तरी देत जा तिला."

"गप रे, माकडखाऊ."

मुलेंगा बेम्बा जमातीचा, आम्ही कुंडा. ते आम्हाला उंदीरखाऊ म्हणणार, आम्ही त्यांना माकडखाऊ. रिवाजच आहे, रागावेल तो वेडा. पण 'थापाड्या' हा शब्द काही रिवाजातला नाही, आणि तो स्वयंपाकघरात आगोगोंच्या पाठीमागे ऐकू यायचा. हसणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू.

या हंगामात आगोगोंच्या गुडघ्यांनी संप केला. शेवटच्या फेरीच्या सकाळी त्यांनी टोपली माझ्यापुढे ठेवली.

"उद्या मी गावी जाणार. थापाड्या म्हणून नाही जायचं मला. आज तू मागे चाल."

नियमात बसत नव्हतं. पण नियम करणारे तिकडे राजधानीत, लुसाकात बसतात, आणि वाट आगोगोंना माझ्यापेक्षा जास्त पाठ.

ते माझ्या जागी मुलेंगामागे गेले, आणि टोपली घेऊन मी मागे चाललो. पुढून चालताना जंगल आपल्याला बघून गप्प होतं, हे मला माहीत होतं. आपण गेल्यावर ते पुन्हा बोलायला लागतं, हे मात्र त्या दिवशी कळलं. थांबलेला होला पुन्हा घुमू लागला. माकडं झाडावरून उतरली. आमच्याच पावलांची धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत राहिली, आणि पाहुण्यांची कुजबुज गवतात विरून गेली. आपण खरंच चालतोय की कुणाच्या तरी झोपेतून जातोय, ते समजेना.

मी वळून पाहिलं.

पन्नास पावलांवर ती उभी होती. कधी आली, कशी आली, एक काटकी मोडली नाही. मागे जनावर दिसलं की शेवटच्या माणसाने शिट्टी मारायची असते. माझी ओठांवरच राहिली.

तिने सोंड खाली नेली. सगळ्यांत वर माझ्याच बुटांचे ठसे होते. एक हुंगला, दुसरा हुंगला. फुंकर काही मारली नाही. सोंड उंच करून ती हवेत इकडेतिकडे काहीतरी शोधत राहिली. ओळखीच्या घराची कडी वाजवावी आणि दार भलत्यानेच उघडावं, तशी. मग झाडी मिटली.

चिंचेखाली चहाला थांबलो, तेव्हा मुलेंगाने विचारलंच, "काय रे, भेटली का आत्या?"

"भेटली."

"झालं! आता थापाडे दोन."

आगोगो हसले नाहीत. "कान?"

"डावा. खाली फाटलेला."

त्यांनी किटली खाली ठेवली. "धूळ फुंकली?"

"नाही. वास घेतला आणि सोंड वर करून उभी राहिली. बराच वेळ."

मुलेंगाचा कप तोंडाशीच थांबला.

उठताना टोपलीला मी हात लावायच्या आत ती आगोगोंच्या हातात होती. लंगडत ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

परतीच्या वाटेवर मुलेंगा तीनदा धडपडला. बंदूक घेऊन पुढे चालणाऱ्या माणसाने सारखं मागे वळून पाहिल्यावर दुसरं काय होणार?