वास गेल्यावरही आई मसाला करत राहिल्या

माझ्या सासूबाईंना शेवटची काही वर्षं कशाचाच वास येत नव्हता.

आणि त्याच काळात अर्ध्या महाडच्या आमटीत त्यांचा मसाला होता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. लिहायचं त्राण नाही खरं तर. पण आज नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

आम्ही त्यांना आई म्हणायचो. माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं. लग्न होऊन महाडला आल्या, पण बोलणं तिकडचंच राहिलं.

मार्च लागला की आमची गच्ची लाल व्हायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. खाली चुलीवर धणे, बडीशेप, दगडफूल, जायपत्री वेगवेगळी भाजायची. मग सगळं डंकावर कुटायला.

गावातली घरं तर आपली मिरची देऊन मसाला न्यायचीच, पण बाहेरगावाहून कंपन्यांत कामाला आलेल्या, बिरवाडीला खोल्या घेऊन राहणाऱ्या बायकाही न्यायच्या. त्यांना सांगलीचं, सोलापूरचं तिखट हवं असायचं. आई प्रत्येकीचं वेगळं करून द्यायच्या.

मग कोरोना आला. घरात सगळ्यांना झाला, सगळे बरे झाले.

एकदा मी आत पेपर तपासत होते. करपल्याचा वास आला म्हणून धावत गेले. आई कढईसमोर उभ्या, हातात उलथनं, शांतपणे धणे हलवतायत. धणे काळेठिक्कर.

"आई, जळतंय!"

"जळतंय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कढईत बघितलं. मग मूठभर धणे नाकाशी धरले, गरम होते तरी.

"काय येत नाय गो."

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आई रोज सकाळी लवंग, वेलची, हिंगाची डबी नाकाला लावून बसायच्या. महिने गेले. नाही आला.

खारट, आंबट, गोड कळायचं. मिरची तर कळायचीच. "नुसता चटका बसतो," म्हणायच्या. "मिरची हाय का निखारा, कळत नाय."

पुढचा उन्हाळा आला. माझा नवरा आईंना म्हणाला, "लोकांना सांगायची काय गरज? प्रमाण तुला पाठ आहे."

आईंनी ऐकलं नाही. येईल त्या प्रत्येकीला दारातच सांगितलं. "माझं नाक गेलंय. भाजताना सून वास घेणार. चालत असंल तर मिरची ठेवून जा."

काही जणी ठेवून गेल्या. काही "विचारून सांगते" म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत. त्यातली एक तर आईंची जुनी मैत्रीण. आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून चूल पेटवली.

अशी मी त्यांचं नाक झाले.

शाळा, परीक्षा, पेपर आणि घरी आलं की कढई. साडीला, केसांना, उशीला मिरचीचा ठसका. मी इतिहास शिकवते. माझ्या उत्तरपत्रिकांनासुद्धा मसाल्याचा वास यायचा. मुलं हसायची.

मी एकदा त्यांना सांगितलं, मिरची मुळात आपली नाहीच. समुद्रापलीकडून आली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून.

"मग आधी तिखटाला काय घालायची लोकं?"

"मिरी. पिंपळी. ती आपली."

आई खूप वेळ हसल्या. "म्हंजे मिरची सून म्हणायची. भायरनं आली आन् सगळं घर ताब्यात घेतलं."

पण त्यांना खरं हवं असायचं ते वेगळंच. "जायफळाचा वास सांग," म्हणायच्या.

"सांगू कसा?"

"मास्तरीण हायस ना? सांग."

"गोडसर… उबदार. नवीन लाकडी पेटी उघडल्यासारखा."

डोळे मिटून बसायच्या. "हां. आता दगडफूल."

"पावसात भिजलेल्या झाडाची साल."

"बराबर." कधी म्हणायच्या, "चूक. परत घे वास."

एका मे महिन्यात मी कढईसमोरच खाली बसले. उठवेना.

"दमलीस?"

"हो, आई."

"मी पण." त्याही बाजूला बसल्या.

"मग बंद करूया का?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "मला जेवण म्हंजे आता पोट भरणं. दुसऱ्याच्या घरात तरी फोडणीचा वास सुटू दे."

मी उठले. पुढचा घाणा भाजला.

मागच्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी मला जवळ बोलावलं. "इथं कसला वास हाय?"

"फिनेलचा."

"बरं झालं, येत नाय ते."

पहाटे गेल्या.

यंदा मार्चपासून फोन सुरू झाले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, मसाला करणार नाही. माझ्याच्याने होत नाही. एकटीला तर नाहीच.

पोलादपूरच्या एक वहिनी म्हणाल्या, "मग प्रमाण तरी द्या."

दिलं. मग जी मागेल तिला दिलं. कोणतं आधी भाजायचं, कशाला तेल लावायचं, तीळ कधी उतरवायचे, सगळं.

नवरा नाराज झाला. "आईचं प्रमाण असं वाटून टाकायचं?"

"कोणाला तरी करू दे," म्हटलं. अजून वाद घालायची ताकद नव्हती.

काल त्या वहिनींनी एसटीतून डबा पाठवला. त्यांनी केलेला पहिला मसाला. मिरची जरा जास्त झाली आहे. जायपत्री हात राखून घातली आहे. पण चांगला आहे, आई. खरंच चांगला आहे.

आज तुमच्या पानावर त्याच मसाल्याची काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. नवऱ्याने दोनदा घेतली.

आता मी थोडी पडते.

तुम्हीही निवांत राहा, आई. नमस्कार करते.