दावं गिऱ्हाइकाला देत न्हाईत

पालमच्या स्टँडवर एसटी लागली आन् नेमकी तवाच माझ्या बॅगेची चेन तुटली. कोर्सचा पांढरा ॲप्रन बाहेर डोकवायला लागला. कंडक्टर वरडायलाय, "बसा माय बसा, हितंच मुक्काम हाय का?" मी लगेच त्याचा आवाज काढून आईला म्हणले, "बसा माय, पुणं आलं." समदा स्टँड हसला, आई तेवढी हसली न्हाई. वापस जाताना जळणाची मोळी बांधायला तिनं शेळीचं दावं आणलं व्हतं. तेच बॅगेला दोन येढे देऊन आवळलं आन् म्हणली, "हे हरवू नको, पूजे."

ते दावं कशाचं ते सांगते. परभणीत माझा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स झाला तो आमच्या चार शेळ्यांवर. आमच्यात शेळी इकली तरी दावं गिऱ्हाइकाला देत न्हाईत. व्यापाऱ्यानं त्याचं आणायचं, आपलं आपल्या खुट्टीला ठेवायचं. दावं घरात असलं की शेळी परत येती म्हणत्यात. मग माझ्या डोक्यात एकच, चारी दावी परत भरायची.

कोर्स संपला तवा दोन कामं समोर व्हती. आमच्या मॅडम म्हणायच्या (ही नक्कल तुमी पालमच्या समद्या जणींनी ऐकल्याली हाय, नाकातून), "मुलींनो, आधी दवाखाना धरा, हात बसू द्या." परभणीतल्या दवाखान्यात शिकता आलं असतं, आठवड्याला घरी जाता आलं असतं, पण पगार म्हंजे चहापाण्यापुरता. घरोघरी नर्सबाया पाठवणाऱ्या पुण्याच्या ब्युरोत पेशंटच्याच घरी ऱ्हायचं, जेवण त्यांचं, पगार डबल. आई म्हणली, "जवळचं धर. शेळ्याची कामून फिकीर करतीस?" पण हे म्हणताना ती रिकाम्या खुट्ट्यांकडं बघत व्हती, ते मी बघितलं. पुणं धरलं.

इथं आल्यावर कळलं डबल पगार कशाला देत्यात ते. दवाखान्यात ड्यूटी संपती, घरात संपत न्हाई. माझी पहिली पेशंट लकवा झाल्याली आजी. उजवं अंग गेलेलं, बोलणं आडखळतं. आंघोळ, डायपर, कूस बदलणं, पातळ खिचडी, पुन्हा कूस. पाठ माझी आन् वजन आजीचं. पहिला म्हैना मी कुणाचीच नक्कल केली न्हाई, एवढी थकले. फोनवर आईला वाटलं माझा घसा बसलाय.

आजीला चालवायचं काम व्हतं. वॉकर धरून उभी ऱ्हायची, पण पाऊल टाकत नसायची. फिजिओवाले आले, "आजी, छान, एक पाऊल" म्हणून गेले. सूनबाईंनी लय समजावलं. एका सकाळी मी अशी वैतागलेले, तोंडातून निघूनच गेलं, आई शेळ्या हाकती तसं. "हुर्र्र हेय, चल माय, चल चल चल," आन् जीभ टाळूला लावून टक् टक्.

आजीनं पाऊल टाकलं.

सूनबाई दारात. "अगं, हे काय? आमच्या आई म्हणजे काय शेळी आहे?" मला वाटलं, झालं, बांध पूजे बॅग. तर आजीच अर्ध्या तोंडानं हसायली आन् हातानं खुणावायली, पुन्हा कर. मग रोज हुर्र्र. खोलीत, मग हॉलमधी, मग पार बाल्कनीपर्यंत. शेजारणी बघायला यायच्या.

वर्गातल्या सुनीताला फोनवर सांगितलं. ती बी पुण्यातच, दुसऱ्या ब्युरोत. ती म्हणली, "येडे, हळू बरं कर तिला. पेशंट चालायला लागला की तू बी चालायला लागतीस."

हे मला म्हाईत नव्हतं का? म्हाईत व्हतं. रोज सकाळी आजी दोन पावलं जास्तीची टाकायची आन् मी मनात म्हणायचे, ह्ये गेलं शेळीचं एक खूर. एखाद्या दिवशी तोंड बंद ठेवावं वाटायचं. पण आजी खाटेवर बसून पदर सावरून तयार ऱ्हायची, आन् मी गप बसले की तीच टाळूला जीभ लावून टक् टक् करायची. माझीच नक्कल मला. मंग काय करता.

एक दिवस ती एकटीच संडासला जाऊन आली. घरात पेढे वाटले. मला बी दिला, वर एक साडी दिली आन् ब्युरोला कळवलं की आता गरज नाही.

आईला फोन लावला. "किती शेळ्यांचे पैसे झाले?" ती म्हणली. "दोनचे." "मग दोन दावी उतरवते. ये आता, परभणीचं बघ." मी म्हणले, "येते की," आन् दुसऱ्या दिवशी नव्या पेशंटकडं गेले. हे बाबा हायत, लय जड.

त्या दोन शेळ्या आता आमच्या दारात हायत. तिसरं दावं अजून खुट्टीलाच हाय. चौथं हितं माझ्या बॅगेला. खाली गल्लीत चेन बसवून देणारा बसतो, रोज इचारतो, मी बसवत न्हाई.

तुमी पालमात ऱ्हायलेल्या जणी मला इचारता, घरची आठवण येती का. बसून आठवण काढायला येळ नसतो ग. पण परवा बाबांना सूप भरवता भरवता आईचा फोन आला. ती माळावर, शेळ्या पांगलेल्या. बोलता बोलता मधीच ती त्यांना हाकायली, हुर्र्र हेय, चल माय, चल चल चल. माझ्या हातात वाटी तशीच, आन् मी उठून दरवाज्यापर्यंत गेलेले.

बाबा म्हणाले, "कुठं चाललीस?"

"कुठं न्हाई, बाबा," म्हणले, आन् येऊन बसले.