दाजींचं ‘न्हाय’

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात इतक्या बायकांना तोंडावर ‘न्हाय’ म्हणून अजून धडधाकट असलेला पुरुष आमच्या दाजींखेरीज दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. महाद्वार रोडवरच्या एका साडीच्या दुकानात मिसरूड फुटल्यापासून ते गादीवर बसतात. मालक म्हणून नव्हे, साड्या दाखवायला. साडी दाखवणाऱ्याचं काम काय, तर समोरच्या बाईला ती घ्यायला लावणं. दाजींनी मात्र स्वतःच्या सोयीनं असं समजून घेतलं होतं की, समोरच्या बाईला चुकीची साडी घेऊ द्यायची नाही. बाईनं पदर खांद्यावर टाकून बघितला की हे मान तिरकी करणार, एक डोळा बारीक करणार आणि म्हणणार, "न्हाय." मग कारण. "तुमचा रंग खातीया ती." किंवा, "काठ लई मोठा हाय, तुमी त्यात गावणार न्हाय." आणि बाई फारच हट्टाला पेटली तर, "ठेवा वैनी खाली, माझं ऐका." त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘चालतंय’. ते ऐकायला मिळालेल्या बायका दुकानाच्या पायऱ्या उतरताना जरा ताठ चालत.

एकदा शाहूवाडीकडची मंडळी लग्नाचा बस्ता काढायला जीप भरून आली होती. नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी दुकानातला सगळ्यात भारी शालू निवडला, मोतिया रंगाचा. दाजींनी नवरीकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाय." आत्याबाई भडकल्या. "अवो पावणं, तुमाला साडी विकायची हाय का न्हाय?" दाजी शांतपणे घडी घालत म्हणाले, "विकायची हाय की. पर फोटो भिंतीवर जन्मभर राहतोय." मंडळी तरातरा उठून गेली. समोरच्या खानावळीत जेवली, डोकी थंड झाली, आणि पान खात परत येऊन अख्खा बस्ता दाजींच्या पसंतीनं घेऊन गेली. थोरले मालक गल्ल्यावर बसून हे बघत आणि मिशीत हसत. त्यांचं दाजींवर असं प्रेम की त्यांच्या स्वतःच्या घरच्या बायकाही साडी आधी दाजींना दाखवत.

दाजींचं बरोबरच असायचं असं मात्र मुळीच नाही. मला त्यांनी जांभळा रंग वर्ज्य केला होता. वर्षानुवर्षं मी पाळलं. मग एकदा हट्टानं जांभळी साडी नेसून शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले. मी शिक्षिका आहे. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी कौतुक केलं. ते मी दाजींना ऐकवल्यावर म्हणाले, "लोकं भली हायत." या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आक्काला बघायला आले तेव्हाही पोह्यांची बशी हातात घेऊन यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "साडी उसनी हाय काय?" साडी शेजारच्या काकूंची होती. आमच्या वडिलांचा चेहरा पडला, आई आत पळाली, आणि आक्का पदर तोंडाला लावून हसत सुटली. पाहुणे गेल्यावर तिनं जाहीर केलं, लग्न करीन तर याच्याशीच. हा माणूस आपल्याला कधी फसवणार नाही, हे तिला तेवढ्यावरून कळलं म्हणे. बाकी हुंडाबिंडा, शेतीवाडी कशातच तिनं लक्ष घातलं नाही.

लग्नसराईत दाजी सकाळपासून साड्यांच्या ढिगाऱ्यात बुडालेले असत. पोटऱ्यांत गोळे येत, घसा बसे. पण घरी येऊन पांढऱ्या रश्श्याचा पहिला घोट घेतला की, "मीठ कमी हाय," म्हणायची ताकद शिल्लक असे. जेवण झालं की रंकाळ्यावर फेरी, आणि फेरीत दिवसभराच्या बायकांची वर्णनं. आक्का म्हणायची, "ह्यास्नी दमायला येतच न्हाय."

मग थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि धाकटे मालक गल्ल्यावर आले. मुलगा वाईट नव्हता, शिकलेला होता. त्यानं गादी काढून खुर्च्या आणल्या, गार हवा आणली आणि पुण्याहून एक प्रशिक्षण देणारे गृहस्थ आणले. त्यांनी शिकवलं की गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. प्रत्येक बाईला ‘मॅडम’ म्हणायचं आणि प्रत्येक साडीला ‘तुमच्यासाठीच बनलीय’. आम्हाला वाटलं, दाजी दोन दिवसांत नोकरी सोडतील. पण त्यांनी गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि शिकवलेलं पाठ केलं. आक्कानं विचारलं तर म्हणाले, "थोरल्या मालकांनी पोरगं माझ्या हवाली केलंय. त्याला तोंडावर कसा पाडू?" विक्री वाढली. दाजींचं काम निम्म्यानं हलकं झालं, बसायला खुर्ची मिळाली. आणि दाजी दमायला लागले.

घरी आले की पायातल्या चपला न काढता कॉटवर बसून राहायचे. रंकाळा बंद. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाब बघितला, सगळं ठीक निघालं. तरी रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, वय झालं, सुट्टी घ्या. त्यांनी आठवडाभर सुट्टी घेऊन झोप काढली आणि उठले ते आणखीच थकलेले. आक्का पहिल्यांदा घाबरली ती एका रविवारी. रश्श्यात ती मीठ घालायचं चक्क विसरली होती, आणि दाजी काही न बोलता वाटी संपवून उठले.

त्यानंतर दाजींच्या पुतण्याचा साखरपुडा आला. मी आक्काला न्यायला गेले होते. दाजींना चिडवून जरा माणसात आणावं म्हणून आक्का मुद्दाम पोपटी साडी नेसली. पोपटी रंगाला त्या घरात लग्नापासून बंदी होती. ती बाहेर येऊन दाजींसमोर उभी राहिली. दाजी चपला घालत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "छान दिसतंय, मॅडम. तुमच्यासाठीच बनलीय."

मला हसू फुटलं. आक्का हसली नाही. ती आत गेली, मी मागोमाग गेले, तर ओट्याला धरून उभी. म्हणाली, "मला गिऱ्हाईक केलं गं तेनी." मी समजूत घालायला लागले, की चुकून निघालं तोंडातून. ती म्हणाली, "चुकूनच निघालं. तेच म्हणतोय मी. आता तेंचं खरं कुठलं, ह्ये मला कसं कळायचं?" आणि डोळे पुसून साडी बदलायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दुकानात गेली. दाजींच्या पुढ्यातली खुर्ची ओढून बसली आणि पोपटी साडी काढायला लावली. लग्नाचे दिवस होते, दुकान बायकांनी भरलेलं. धाकटे मालक दाजींच्या पाठीशीच उभे. आक्कानं पदर खांद्यावर टाकला आणि विचारलं, "खरं सांगा. शोभतंय मला?" दाजींनी मालकांकडं बघितलं, मग आक्काकडं. त्यांचा हात घडीवरच थांबला होता. मग हळूहळू त्यांची मान तिरकी झाली, एक डोळा बारीक झाला.

"न्हाय," दाजी म्हणाले. घसा खाकरून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "न्हाय. लग्नाच्या वक्ताला बी ह्यो रंग शोभला न्हाय, आता काय शोभतोय. ठेव खाली." आक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू. शेजारच्या खुर्चीवरची हुपरीची एक बाई हे सगळं बघत होती. तिनं आपल्या हातातली, पसंत करून झालेली साडी दाजींपुढं धरली. "मामा, मला बी सांगा की खरं."

धाकट्या मालकांना हे अर्थातच रुचलं नाही. थोरल्यांचा मान राखून त्यांनी दाजींना काढलं नाही, वरच्या मजल्यावर सुती आणि नऊवारी साड्यांत टाकलं. कमिशन बुडालं, खुर्ची गेली, परत गादी आली. खाली घेतलेली साडी पिशवीत लपवून बायका जिना चढून जातात आणि दाजींना दाखवून येतात. परत करायला येणाऱ्या साड्या कमी झाल्यापासून धाकटे मालक तिकडं काणाडोळा करतात. घरी रश्श्याचं मीठ पुन्हा चुकायला लागलं आहे. मी विचारलं, दमत नाही का आता? तर दाजी पोटरी चोळत म्हणाले, "पाय दुखत्यात की. पर दमत न्हाय."

यंदा मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमासाठी एक साडी घेतली. मुलांनी छान म्हटलं, शेजारणींनी छान म्हटलं, शाळेत तर छान म्हणायला रांगच लागणार होती. आई गेल्यापासून मला ‘न्हाय’ म्हणणारं एवढं एकच माणूस उरलंय, आणि जिना चढताना आता त्यालाही धाप लागते. मी साडी घेऊन वर गेले. दाजींनी चष्मा पुसला, मान तिरकी केली, बराच वेळ बघत राहिले. मी ‘न्हाय’ची वाट बघत उभी.

"चालतंय," ते म्हणाले.

निवृत्त होणाऱ्या मेहुणीला कशाला दुखवा, असं तर नाही? मी विचारलं, "दाजी, खरं?"

दाजींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मी तुला मॅडम म्हणालो व्हय?"