नुसता रस्सा

काका वर्ध्याला कारकून झाले, सिंदी मेघेला राहायला गेले आणि त्यांनी मटण-मासोळी सोडली. निदान सांगायचे तरी तसं. पावसाळ्यात ते हिंगणीला आमच्याकडे आले की आई नाल्यातल्या खेकड्यांची भाजी करायची. जेवायला बसले की काका म्हणायचे, "वहिनी, मले तुकडा नको. नुसता रस्सा वाढा."

अहो, खेकड्याच्या भाजीत रस्सा म्हणजेच खेकडा! आई त्याचे पाय पाट्यावर ठेचायची, पाण्यात कालवून गाळायची आणि ते पाणी रस्स्यात ओतायची. आमच्या ताटात नुसती कवचं, सगळा कस काकांच्या वाटीत. चार वाट्या रिचवून, मिशा पुसत, हा माणूस आम्हालाच जीवहत्येचं पाप समजावून सांगायचा.

एका वर्षी आईचं डोकं फिरलं. तिने काकांपुरता नुसत्या मसाल्याचा वेगळा रस्सा केला. काकांनी पहिलाच भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"वहिनी, आज पाय ठेचले नाई काऊन?"

आई पोळी वाढत शांतपणे म्हणाली, "तुमचा नेम मोडून राह्यला होता नं, भाऊजी."