वाटणीत गेलेला कुत्रा

वरवंडला आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा कुत्रा दादाकडं गेला. जमीन, विहिरीची पाळी, गोठा सगळं चार माणसांत ठरलं. कुत्र्याचं कुणी काढलंच नाही. तो दादाच्या हिश्श्यातल्या गोठ्याला बांधलेला होता, म्हणून त्याचा झाला. पिल्लू असताना त्याला मी आणलं होतं, आणि महिन्याला एक गोळी मीच भाकरीच्या तुकड्यात घालून चारत होतो. डास चावले की त्यांच्यातून जंत अंगात शिरतात आणि हृदयात जाऊन वाढतात, हे पाटसच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. उसाच्या कडेला डासांना काय तोटा!

पुढच्या महिन्यात मी गोळी घेऊन बांधावर गेलो.

“दादा, ही मी देत जाईन. तुला काही करायला नको.”

“माझ्या दारात तुझं औषध नको,” दादा म्हणाला. “काय घालशील त्याचा भरवसा न्हाई.”

सख्ख्या भावानं हे म्हणावं. मी गोळी खिशात टाकून परत आलो.

दोन पावसाळे गेले आणि कुत्रा खोकायला लागला. मला बघून बांधापर्यंत धावत येणारा तो निम्म्यातच बसू लागला. पोट फुगलं, बरगड्या वर आल्या. एकदा दादा दौंडला गेलेला बघून वहिनी त्याला घेऊन माझ्याकडं आल्या.

“भाऊजी, डॉक्टरला दावून आणा. ह्यांना सांगू नका.”

डॉक्टरांनी रक्त तपासलं. मी बरोबर नेलेलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी बाजूला सारलं.

“ही जंत होऊ नयेत म्हणून असते. आत मोठे झालेत, आता देणं धोक्याचं.”

उपचार होता, पण बरेच महिने चालणारा, आणि तोवर कुत्र्याला दमू न देता जपायला हवं होतं. दादाला सांगितल्याशिवाय ते जमणार नव्हतं. मी सांगितलं. दादा वहिनींवर खेकसला, चोरून नेल्याबद्दल. कुत्र्याला त्यानं उपचाराला नेलंच नाही.

ऊसतोड सुरू व्हायच्या आत कुत्रा गेला. पुढं हायवेवरच्या हॉटेलात दादा लोकांना सांगत होता, “भावानं गोळ्यांची सवय लावली व्हती. त्या बंद झाल्या आन् कुत्रं गेलं.” बसलेल्यांनी माना डोलावल्या. मी चहा तसाच ठेवून उठलो.

वहिनी आता माझ्याशी बोलत नाहीत. दादानं नवं पिल्लू आणलंय. ते बांध ओलांडून माझ्या अंगणात येतं. मी त्याला हाकलून लावतो.