चढाई आणि चिठ्ठी

नानांच्या इतिहासाच्या तासाला पोरं झोपायची, म्हणून प्राचार्यांनी त्यांना कॉलेजच्या रेडिओवर बसवलं. तिथे झोपलेली माणसं दिसत तरी नाहीत. रेडिओ कर्जतमध्ये ऐकू यायचा आणि देवाच्या मनात असलं तर कळंबलाही. नाना मात्र अख्खा जिल्हा कानात प्राण आणून बसल्यासारखे बोलत. अशी अठरा वर्षं त्यांनी कबड्डीचं समालोचन केलं; तेच मैदानातल्या कर्ण्यावरही लागायचं.

समालोचन कसलं! खेळाडूनं मध्यरेषा ओलांडली, की नेमकी कुणी पाहुणा आल्याची चिठ्ठी यायची. पाहुणा खुर्चीत टेकेपर्यंत नाना त्याची पदं म्हणत. माजी सरपंचाचा भावी सभापती मेहुणासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटला नाही. दरम्यान कोण बाद झालं, ते फलक बघून सांगायचं. पाहुणे खूश, प्राचार्य खूश. खेळाडूंना काय, खेळायचं असतं, ऐकायचं थोडंच असतं!

यंदा त्यांची नात तनया कॉलेजच्या संघात आली. अंतिम सामन्याच्या सकाळी ती म्हणाली, "आजोबा, माझी एक तरी चढाई नीट सांगा हं. रेकॉर्डिंग जपून ठेवणार आहे मी. आजीपण घरी ऐकणारेय."

"एक काय, सगळ्या सांगतो," नाना छाती काढून म्हणाले.

शेवटची चढाई उरली. खालापूरचा संघ दोन गुणांनी पुढे. तनया निघाली आणि नाना माइकवर ओणवे झाले. "तनया डावीकडे वळली..."

तेवढ्यात पोशा शिपायानं चिठ्ठी पुढे केली. नानांनी नकारार्थी मान हलवली.

"वाचा नाना, शेठ आलेत. नायतर माझं काय खरं नाय."

नानांनी मैदानाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. पुढचं काम जिभेनं परस्पर उरकलं. "आपल्या सर्वांचे लाडके, कार्यसम्राट, माननीय मालोजीशेठ..."

पाचवं पद संपेतो मैदानात गुलाल उडाला होता. तनयानं तिघींना बाद करून सामना जिंकला होता. गर्दी आपल्यासाठीच ओरडतेय असं वाटून मालोजीशेठ हात हलवत होते.

घरी तनयानं रेकॉर्डिंग लावलं. "डावीकडे वळली," त्यामागून कार्यसम्राट, त्यांच्याही मागे कुठेतरी आरोळी. तिनं पुन्हा लावलं. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग पुढे काय झालं गं?" नानांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी विचारलं. विचारलं नातीला.

तनयानं फोन बाजूला ठेवला. "अगं आजी, डावीकडे वळले ना, तेव्हा त्यांची कोपऱ्यातली पोरगी पुढे आली..."

नाना मान खाली घालून ऐकत राहिले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच एक चढाई त्यांना शेवटपर्यंत कळत होती.