छी-जिजीचा ऑस्ट्रेलिया

जिजीला किळस फार पटकन यायची. कुणी ताटातच हात धुतले, छी. कुणी पेल्याला तोंड लावून पाणी प्यायलं, छी. माझ्या बायकोने एकदा पोळपाट पुसायला घेतलेल्या फडक्यानेच कपाळाचा घाम टिपला, तर जिजी आठ दिवस आमच्याकडे पोळी खाईना. कोरीट गावात आमच्या घराला लागूनच तिचं घर. अख्खी गल्ली तिला छी-जिजी म्हणायची, तेही तोंडावर. तिला त्याचं काहीच वाटत नसे. ज्याला किळस येते तोच माणूस स्वच्छ, असं ती मलाच ऐकवायची, आणि मी पडलो शाळामास्तर.

तिची एकुलती एक लेक चित्रा लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली. फोनवर ती रोज एकच सांगायची, सगळं छान शे म्हणून. ‘छान’वर जिजीचा विश्वास नव्हता. तिथली माणसं कशी राहतात, काय खातात, आपल्या पोरीला कुणात दिवस काढावे लागतात, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आमच्या टीव्हीवर परदेशी कार्यक्रम हिंदीत दाखवणारे दोन-तीन चॅनेल होते. माझी शाळा सकाळची. दुपारी मी जेवून उठलो की जिजी हजर. ऑस्ट्रेलियाचं जे जे लागेल ते ते ती बघायची. एका गल्लीतल्या शेजाऱ्यांची न संपणारी मालिका, स्वयंपाकाच्या स्पर्धा, तांबड्या मातीच्या वाळवंटात हरवलेल्या माणसांचे सिनेमे, काहीही.

आणि जे बघायची त्याची तिला किळस यायची. तिथली माणसं ताटं साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि स्वच्छ पाण्यातून न काढता तशीच फेसासकट पुसून ठेवतात, हे तिने सर्वात आधी हेरलं. मला विचाराल तर वीस वर्षं तो टीव्ही बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग कुत्र्याला तोंड चाटू देणं, बुटांसकट पलंगावर लोळणं, दुकानात अनवाणी फिरून त्याच पायांनी घरात येणं. एका मालिकेतली पोरगी बोलता बोलता स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली, तेव्हा जिजीने पदर नाकाला लावला. म्हणाली, “छी व माय, वट्टावर बसनी ती! आते तठेच भाजी कापी.”

पण तिची खरी किळस खरकट्याची नव्हती. त्या मालिकेत एक म्हातारी एकटी राहायची आणि तिचा मुलगा येण्याआधी फोन करून विचारायचा, आज येऊ का. ते बघून जिजी म्हणाली, “मायले भेटाले इचारीसन येस. छी.” त्या दिवशी तिने चहाही घेतला नाही. चित्राला उद्या असं विचारायची सवय लागली तर, एवढंच तिच्या डोक्यात होतं, हे आता कळतं. तेव्हा मी हसलो होतो.

तिथल्या विमानतळावरच्या तपासणीचा कार्यक्रम मात्र ती देवळात बसावं तशी बघायची. देशोदेशीची माणसं उतरतात, अधिकारी त्यांच्या पेट्या उघडतात, लोणची, सुकी मासळी, बियाणं बाहेर काढून कचऱ्याच्या पेटीत टाकतात. फॉर्मवर खाण्याचं आणलंय असं लिहिलं तर एक वेळ सोडतात, लपवलं तर धडगत नाही. नियम तिला पाठ झाले होते. कुणी बाई ‘काही नाही’ म्हणाली की जिजी टीव्हीला सांगायची, “सांगी दे ना व बाई, खरं सांगी दे.” आणि मग त्या बाईची पेटी उघडली की आम्ही दोघंही पोट धरून हसायचो.

पुढे चित्राला दिवस गेले. बाळंतपणाला जिजी जाणार हे ठरलं. तिने डिंकाचे लाडू केले. घरच्या म्हशीचं तूप, मेथी, खारीक, खोबरं. मी तिला फॉर्म समजावून सांगितला, ‘हो’वर खूण करायची, विचारलं तर यस म्हणायचं. ती माझ्यावरच डाफरली, मला काय शिकवतोस म्हणाली. खरंच होतं, मला जे ठाऊक होतं ते तिच्यामुळेच.

तरी तिथल्या विमानतळावर तिने ‘नो’ म्हटलं. कारण आमच्याकडे बाळंतिणीचं खाणं कुणाला दाखवत नाहीत, त्याचं नावही घेत नाहीत. पदराखाली डबा झाकून न्यायचा आणि वाटेत कुणी विचारलंच तर काही नाही म्हणून पुढे व्हायचं. दृष्ट लागते, दूध आटतं. जन्मभर गल्लीत जिजीने हेच केलं होतं. समोर गणवेशातला परका पुरुष उभा राहून डब्यात काय आहे विचारतोय म्हटल्यावर पाठ केलेले सगळे नियम गेले आणि तोंडून तेच निघालं.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सहा महिने राहून परत आली, नातवाचे फोटो दाखवले, बस्स. मला कळलं ते टीव्हीवरून. पुढच्या वर्षी एका दुपारी तोच कार्यक्रम लागला होता. चेहरा धूसर केलेला, पण हातावरचं गोंदण स्वच्छ दिसत होतं आणि आवाज तर जिजीचाच. हातमोजे घातलेला माणूस एकेक लाडू फोडून बघत होता. ती म्हणत होती, “बाळंतीणना लाडू शेतस. हात नका लावू, भाऊ.” मागे टुणटुण संगीत वाजत होतं आणि हिंदीत बोलणारा कुणी बाष्कळ कोटी करत होता. लाडू कचऱ्याच्या पेटीत गेले. तिला ताकीद देऊन सोडलं.

आणि मी काय केलं? तो भाग पुन्हा लागला तेव्हा मोबाइलवर ते टिपून घेतलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘ओळखा पाहू कोण!’ पुढे चार हसरे चेहरे. नागरिकशास्त्र शिकवतो मी. संध्याकाळपर्यंत गाव खिदळत होतं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत एकाने तिला विचारलं, “जिजी, लाडू उरनात का?” आज ते आठवलं की त्या माणसाची, त्या संगीताची, त्या ग्रुपची आणि सगळ्यात जास्त माझ्या या अंगठ्याची शिसारी येते.

ती माझ्याकडे आली. भांडेल वाटलं होतं. उंबऱ्यातच उभी राहिली आणि विचारलं, “तू बी हसना ना?” मी मान खाली घातली. म्हणाली, “आठे बसीसन मी बी हसेल शे त्या बायासले.” मग घरी गेली. त्यानंतर आमच्याकडे टीव्ही बघायला ती कधी आली नाही. दोन वर्षांनी गेलीच.

दहाव्याला चित्रा आली होती. सगळं आटोपल्यावर आमच्याकडे येऊन बसली. मोबाइल समोर धरला की जिजी तोंड मिटून घ्यायची, त्यामुळे तिच्याकडे फोटो ढीगभर होते, बोलणं एकही नव्हतं. तिने विचारलं, “दादा, तुन्हाजोडे मायना आवाज शे का?”

माझ्याकडे तेवढाच एक होता. नाही म्हणायचं जिभेवर आलं होतं, पण तिचा चेहरा बघून लावून दिला. तिने एकदा बघितलं, मग डोळे मिटून दोनदा ऐकलं. त्यानंतर हळूहळू सांगू लागली. जिजी विमानतळावरून दोन तास उशिरा बाहेर आली, रांग मोठी होती म्हणाली. लाडू? वजन जास्त झालं म्हणून घरीच राहिले म्हणाली. शेजारची गोरी बाई बाळंतपणानंतर भांडं भरून जेवण देऊन गेली, तेव्हा चित्राने आईला सुनावलं होतं, परक्या बाईला कळतं, तू रिकाम्या हाताने आलीस. जिजी त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

चित्राने तो व्हिडिओ मागितला. मी तो ग्रुपवरूनच तिथल्या तिथे पुढे पाठवला. पाठवल्यावर लक्षात आलं की खाली लिहिलेलंही त्याच्यासोबत गेलंय, हसऱ्या चेहऱ्यांसकट. तिने ते वाचलं. ती मला काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

“दादा,” ती म्हणाली, “मीच तिले वळखं नही.”